"मला हे जमणारच नाही" असं सारखं वाटतं त्याचं काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिमिटिंग बिलीफ, सेल्फ टॉक (म्हणजे आपण स्वतःशीच जे बोलतो ते), माइंडसेट या विषयावर फिरून फिरून तेच प्रश्न येत असतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. क्रमाने वाचलंच पाहिजे असं काही नाही, पण वेळ कमी असेल तर निदान "आतून पटतच नाही, का?" हा पुराव्याचा प्रश्न तेवढा वाचा, बाकी सगळं त्याच्याच आजूबाजूचं आहे.

लिमिटिंग बिलीफ म्हणजे नक्की काय?

स्वतःबद्दलचं असं एखादं मत जे आपण कधी तपासून बघितलेलं नसतं, पण त्याच्यावर विसंबून निर्णय मात्र रोज घेतो. "मला गणित येत नाही", "मी बोलायला लागले की लोकांना कंटाळा येतो", "आता या वयात काय नवीन शिकणार", "पैशातलं मला काही कळत नाही", ही सगळी त्यातलीच. गंमत अशी की आपल्याला ही मतं वाटतच नाहीत, आपली उंची किंवा रक्तगट सांगावा तसं आपण ते सांगतो. आणि मग तसं वागतोही, मीटिंगमध्ये मागची खुर्ची पकडतो, फॉर्म भरायचा टाळतो, हिशोब दुसऱ्याच्या गळ्यात मारतो, आणि करत नाही म्हणून येत नाही आणि येत नाही म्हणून करत नाही असं वर्षानुवर्षं चालू राहतं.

पण काही गोष्टी खरंच जमण्यासारख्या नसतात ना? की तेही मनाचेच खेळ?

नाही, सगळ्या मर्यादा डोक्यातल्या नसतात. हातात पैसे नाहीत, तब्येत साथ देत नाही, घरात आजारी माणूस आहे, कामाच्या ठिकाणी खरोखर भेदभाव होतोय, या गोष्टी माइंडसेट बदलून जात नाहीत आणि ज्याच्या वाट्याला त्या आल्यात त्याला "तू पॉझिटिव्ह विचार कर" म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं.

फरक ओळखायला एक कसोटी मी वापरते. ते वाक्य तपासता येतं का बघायचं. "कोर्सच्या फीइतके पैसे आत्ता माझ्याकडे नाहीत" हे तपासता येतं आणि उद्या बदलूही शकतं. "मी शिकायच्या लायकीचाच नाही" हे कशावरून तपासणार? जे वाक्य तपासता येत नाही, ज्याला काळवेळ नाही, आणि जे कामाबद्दल न बोलता अख्ख्या माणसाबद्दल बोलतं, त्याच्यावर संशय घ्यायचा.

माझ्या डोक्यात अशी कुठली वाक्यं आहेत हे मला कसं कळणार? मला तर काही ऐकू येत नाही.

कुणालाच सहज ऐकू येत नाहीत. अ‍ॅरन बेक नावाचे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ १९६० च्या दशकात डिप्रेशनच्या पेशंट्सबरोबर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की पेशंट जे बोलतोय त्याच्या मागे अजून एक विचारांची धार चालू असते, झटकन येते आणि जाते, आणि पेशंटला ती इतकी सवयीची असते की सांगावीशीही वाटत नाही. त्यांनी त्यांना ऑटोमॅटिक थॉट्स म्हटलं आणि आज जी सीबीटी नावाची, विचार आणि वागणं तपासून बदलायची थेरपी सगळीकडे वापरतात तिचा पाया हाच.

तर शोधायचं कसं. विचार पकडायला जाऊ नका, मूड पकडा. अचानक पोटात खड्डा पडला, चिडचिड झाली, एखादं काम चौथ्यांदा पुढे ढकललं, की तिथल्या तिथे स्वतःला विचारा, आत्ता दोन सेकंदांपूर्वी मी मनात काय म्हणाले? जे सापडेल ते जसंच्या तसं मोबाइलमध्ये लिहून ठेवा, सभ्य भाषेत सुधारून लिहू नका, कारण खरं वाक्य बहुतेक वेळा बरंच घाणेरडं असतं. आठवडाभर लिहिलंत की दिसेल, वाक्यं पन्नास असली तरी मूळ दोन-तीनच आहेत आणि तीच वेश बदलून येतात. "नेहमी", "कधीच", "सगळ्यांना", "काहीच" हे शब्द दिसले की थांबून बघा. आणि "पाहिजेच". बेक यांच्याही थोडं आधी, १९५५ च्या सुमाराला, अल्बर्ट एलिस यांनी आपली थेरपी सुरू केली होती, त्यांचा सगळा रोख या "पाहिजेच" वर होता, मी पहिल्या फटक्यात बरोबर केलंच पाहिजे, लोकांना मी आवडलोच पाहिजे, आणि तसं झालं नाही तर ते भयंकर आहे.

आरशात बघून "मी यशस्वी आहे, मी सुंदर आहे" असं रोज म्हणायचं, त्याने होतो का फायदा?

ज्याला आधीपासूनच स्वतःबद्दल बरं वाटतं त्याला थोडा होतो. ज्याला गरज आहे त्याला उलट त्रास होऊ शकतो, आणि हे माझं मत नाही, तपासलं गेलंय.

कल्पना तशी जुनी आहे. फ्रान्समधले एमिल कुए हे फार्मासिस्ट शंभर वर्षांपूर्वी लोकांना सांगायचे की दिवसेंदिवस मी सगळ्या बाबतीत सुधारतोय असं वाक्य रोज पुन्हा पुन्हा म्हणा, आणि ते तेव्हा भयंकर लोकप्रिय झालं होतं. २००९ मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या जोअ‍ॅन वुड आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, लोकांना "मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे" अशा अर्थाचं वाक्य स्वतःशी म्हणायला लावलं. ज्यांचा आत्मसन्मान मुळात कमी होता त्यांना ते म्हटल्यावर न म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं.

का, ते स्वतःवर करून बघितलंत तर लगेच कळेल. मन काही मुकाट्याने ऐकून घेत नाही, वाद घालतं. तुम्ही म्हणालात मी यशस्वी आहे, की आतून लगेच यादी सुरू होते, हो का, मग तो इंटरव्ह्यू, मग ते अर्धवट सोडलेलं, मग शेजारच्यांचं बघ. म्हणजे बळ मिळवायला गेलात आणि विरुद्ध बाजूच्या वकिलाला आणखी एक तारीख देऊन आलात.

मग म्हणायचं तरी काय?

असं वाक्य जे म्हटल्यावर आतून "चल, हट्" असं उत्तर येत नाही. थेट उलट्या टोकाला उडी मारायची नाही, अर्ध्या पायरीवरचं वाक्य शोधायचं. उदाहरणं देते:

"मला लोकांसमोर बोलता येत नाही" ऐवजी "पहिली दोन मिनिटं माझा आवाज थरथरतो, नंतर कमी होतो".

"मी आळशी आहे" ऐवजी "सुरू करायला मला जड जातं, एकदा बसलो की होतं".

"माझं सगळंच चुकतं" ऐवजी "या वेळी तारीख चुकली, बाकीचं बरोबर होतं".

"मला इंग्लिश जमत नाही" ऐवजी "वाचलेलं कळतं, बोलताना अडकतो, बोलायची सवय नाही".

बघा, यात गोडगोड काहीही नाही. पण प्रत्येक वाक्य खरं आहे आणि प्रत्येकात पुढे काहीतरी करण्यासारखं शिल्लक आहे. अनेकजण "अजून" हा शब्द जोडायला सांगतात, अजून येत नाही, ते चालतं, पण नुसतं "अजून" चिकटवून पुढे काही केलं नाही तर तोही शब्द लवकरच गुळगुळीत होतो.

अजून एक, प्रत्यक्ष काम करताना स्वतःला शाबासकी देण्यापेक्षा सूचना देणं बरं पडतं. खेळाडूंच्या सेल्फ टॉकवरचे ३२ अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये बघितलं गेलं, त्यात सेल्फ टॉकने कामगिरी सुधारते असं दिसलं, आणि नेम धरण्यासारख्या बारीक कौशल्याच्या कामांत "चल, तू करशील" यापेक्षा "कोपर वर, नजर समोर" असल्या सूचनांचा उपयोग जास्त झाला. भाषणाच्या वेळी पण "मी भारी बोलणार" पेक्षा "हळू बोल, वाक्य संपलं की श्वास घे" हे जास्त कामाचं.

स्वतःला नावाने हाक मारून बोलायचं असं ऐकलं. वेड्यासारखं नाही का वाटत?

पहिल्यांदा वाटतं, पण चालतं. मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना भाषण करायला सांगितलं, तयारीला जेमतेम पाच मिनिटं दिली, आणि त्या वेळात काहींना "मी" म्हणून स्वतःशी बोलायला सांगितलं तर काहींना स्वतःचं नाव घेऊन. नाव घेणाऱ्यांना ताण कमी आला, भाषणही बरं झालं आणि नंतर तेच तेच उगाळणंही कमी झालं. कारण साधं आहे, दुसऱ्याच्या अडचणीत आपण सगळे शहाणे असतो, नाव घेतलं की तेवढं अंतर पडतं. तसं आपण करतोच की, "अगं बाई, आता काय करून ठेवलंस" हे आपण स्वतःलाच म्हणतो, फक्त ते ओरडण्यासाठी वापरतो, तेच जरा विचारपूस करायला वापरायचं.

मोठ्याने बोलायचं की मनात?

कसंही. लहान मुलं खेळताना स्वतःशी मोठ्याने बडबडतात आणि पुढे तेच बोलणं आत जाऊन विचार बनतं असं रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांचं म्हणणं होतं, त्यामुळे एकटे असाल तर मोठ्याने बोलायला हरकत काहीच नाही. लिहिणं मात्र मला दोन्हींपेक्षा बरं वाटतं, कारण कागदावर उतरलं की त्या वाक्याचा फोलपणा स्वतःलाच दिसतो.

निगेटिव्ह विचार आला की लगेच थांबवायचा ना?

थांबवून थांबत नाही. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर यांनी लोकांना सांगितलं होतं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. लोकांना ते अस्वल आठवत राहिलंच, आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षाही जास्त आठवलं. आपल्याकडे मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते काही उगाच नाही.

त्यापेक्षा वाक्याच्या पुढे एक शेपूट लावा. "मी नापास होणार" ऐवजी "मी नापास होणार असा विचार माझ्या डोक्यात आलाय". विचार तोच राहतो, पण आता तो समोर आहे, तुम्ही त्याच्या आत नाही. मग त्याला तिथेच राहू दे आणि हातातलं काम चालू ठेवा. विचार गेल्यावरच काम सुरू करीन असं ठरवलंत तर बसून राहाल.

स्वतःशी कितीही चांगलं बोललं तरी आतून पटतच नाही. का?

कारण पटण्यासाठी पुरावा लागतो आणि पुरावा बोलून मिळत नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातली हीच एक मोठी गोष्ट आहे आणि तीच सगळ्यात कमी सांगितली जाते, कारण तिला घाम गाळावा लागतो.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये, आपल्याला एखादं काम जमेल हा विश्वास माणसात कुठून येतो याची मांडणी केली. चार वाटा सांगितल्या. स्वतः करून बघितलेलं, आपल्यासारख्या माणसाला करताना बघितलेलं, कुणीतरी "तुला जमेल" असं म्हटलेलं, आणि त्या वेळची शरीराची अवस्था, म्हणजे धडधड, घाम वगैरे. यात सगळ्यात भक्कम वाट पहिली. सेल्फ टॉक येतो तिसऱ्या वाटेत, तुमचं तुम्हालाच कुणीतरी सांगतंय इतकीच त्याची ताकद. त्याच सुमाराला त्यांनी सापाला प्रचंड घाबरणाऱ्या लोकांबरोबर काम केलं होतं, काहींनी दुसऱ्या माणसाला साप हाताळताना नुसतं बघितलं, काहींनी मदत घेत घेत स्वतः एकेक पायरी चढत सापाला हात लावला. ज्यांनी स्वतः केलं त्यांची भीती जास्त गेली आणि विश्वासही जास्त वाढला.

तर बोलणं कशासाठी? पहिलं पाऊल टाकण्यापुरतं. बोलण्याने फक्त इतकंच साधायचं की तुम्ही करून बघायला तयार व्हाल, पटवायचं काम करून बघणंच करेल.

आणि करून बघताना त्याचा नीट प्रयोग करा, नाहीतर पुरावा हातात येऊनही निसटतो. समजा समजूत अशी आहे की "मी प्रश्न विचारला तर सगळे मला मूर्ख समजतील". आधी लिहून ठेवा, नेमकं काय होईल असं वाटतं, लोक हसतील? साहेब चिडतील? कोणी नंतर टोमणा मारेल? किती खात्री आहे, शंभरात किती? मग पुढच्या मीटिंगमध्ये एक, एकच, छोटा प्रश्न विचारा. मग लिहा, खरंच काय झालं. बहुतेक वेळा काय होतं तर कोणी उत्तर देतं आणि मीटिंग पुढे जाते, म्हणजे काहीच होत नाही. हे "काहीच झालं नाही" लिहून ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण मनाची खोड अशी की चुकलं तर "बघ, म्हटलं नव्हतं?" आणि बरोबर आलं तर "नशीब, आज सगळे चांगल्या मूडमध्ये होते". जुन्या समजुतीला पटेल ते आपण जपून ठेवतो आणि न पटेल ते फेकून देतो, सगळेच करतात हे, त्यामुळे आठवणीवर भरवसा ठेवू नका, आधी लिहिलेलं आणि नंतर लिहिलेलं समोरासमोर ठेवा.

पायरी किती छोटी असावी? इतकी की करताना थोडं पोटात गोळा येईल पण पळून जावंसं वाटणार नाही. आणि दहातल्या चार वेळा खरंच वाईट झालं तर? तर ती माहिती आहे, समजूत "नेहमी" वरून "कधीकधी" वर आली, आणि कधीकधी हे कुणाच्याही बाबतीत खरं असतं.

ग्रोथ माइंडसेट हे खरं आहे की नुसता गाजावाजा?

दोन्ही. मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांचा मूळ मुद्दा असा की बुद्धी, क्षमता या ठरलेल्या आहेत असं मानणारा माणूस अपयश आलं की लवकर सोडून देतो आणि वाढू शकतात असं मानणारा, म्हणजे ग्रोथ माइंडसेटवाला, टिकून राहतो. नंतर त्याची पोस्टरं झाली, ट्रेनिंग झाली, माइंडसेट बदला आणि आयुष्य बदला असं झालं. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा सरासरी परिणाम बारीकच निघाला. २०१९ मध्ये अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर मोठा अभ्यास झाला, तासाभराहून कमी वेळाचा ऑनलाइन धडा दिला होता, त्यातून अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या ग्रेडमध्ये सरासरी ०.१ पॉइंटची वाढ झाली. एवढ्याशा वेळात हे वाईट नाही, पण चमत्कारही नाही. शाळेतलं वातावरण त्या विचाराला धरून असेल तर फायदा जास्त दिसला, हेही त्यात आलं, आणि ते मला जास्त पटतं.

मुलांशी बोलताना काय लक्षात ठेवायचं?

"किती हुशार आहेस" हे कमी म्हणा. १९९८ च्या म्युलर आणि ड्वेक यांच्या प्रयोगांत पाचवीच्या ज्या मुलांची हुशारीबद्दल स्तुती केली ती पुढे अवघड प्रश्नांत अडकल्यावर लवकर नाउमेद झाली, मेहनतीबद्दल स्तुती केलेली मुलं जास्त टिकली. पण खोटी मेहनतही कौतुकाला चढवू नका, मुलांना कळतं. "तू दुसरी पद्धत वापरून बघितलीस" असं नेमकं सांगा. आणि मुलं तुम्ही स्वतःबद्दल काय बोलता ते ऐकत असतात, हे विसरू नका. "मला पण गणित कधी आलं नाही रे" हे आपण धीर द्यायला म्हणतो, पण मुलाला त्यातून सुटकेची सोय मिळते.

परीक्षा किंवा इंटरव्ह्यूच्या आधी "शांत हो, शांत हो" म्हणते तरी धडधड थांबत नाही.

थांबवू नका. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये गाणं म्हणणं, भाषण देणं आणि गणितं सोडवणं अशा तिन्ही प्रसंगी बघितलं की ज्यांनी घाबरलेपणाला "मी एक्सायटेड आहे" असं म्हटलं त्यांची कामगिरी स्वतःला शांत करायला बघणाऱ्यांपेक्षा किंवा नुसतं घाबरलोय म्हणणाऱ्यांपेक्षा बरी झाली. दोन्हींत छाती धडधडतेच, त्यामुळे भीतीकडून उत्साहाकडे जाणं जवळचं पडतं, शांततेपर्यंतचा रस्ता लांबचा.

स्वतःला झापल्याशिवाय माझ्याकडून कामच होत नाही. प्रेमाने बोलले तर मी लाडावेन.

ही पण एक समजूतच आहे हो, आणि भलतीच चिवट. २०१२ मध्ये ब्राइनेस आणि चेन यांनी केलेल्या प्रयोगात अवघड शब्दांच्या परीक्षेत पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना स्वतःशी समजुतीने वागायला सांगितलं त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी जास्त वेळ अभ्यास केला. झापल्याने काम होतं ते भीतीने होतं, आणि ज्या कामाची भीती बसली ते आपण पुढच्या वेळी टाळतो, म्हणून परत झापावं लागतं. स्वतःशी समजुतीने वागणं म्हणजे चूक माफ करून टाकणं नव्हे. मैत्रिणीने तीच चूक केली असती तर तिला जे म्हणाला असता तेच, त्याच शब्दांत.

व्हिज्युअलायझेशन, मॅनिफेस्टेशन वगैरे?

यश मिळालंय असं डोळ्यासमोर आणून सुखावायचं, इतकंच करत असाल तर सोडा. गाब्रिएल एटिंगेन यांच्या संशोधनात नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांपैकी जे गोड स्वप्नांत जास्त रमले त्यांना दोन वर्षांनी ऑफर्स कमी आल्या आणि पगारही कमी मिळाला. स्वप्नातच पोट भरतं मग धावायचं कशाला. स्वप्न बघा, पण लगेच त्याच्या आड येणारी स्वतःची एक अडचण बघा, आणि "असं झालं तर मी असं करीन" असं ठरवा. हे "जर-तर" ठरवणं पीटर गोलविट्झर यांनी बरंच तपासलंय आणि ते बऱ्यापैकी चालतं. उदाहरणार्थ, जेवण झाल्यावर मोबाइल हातात आला तर आधी पुस्तक उघडून एक पान वाचीन.

२१ दिवसांत समजूत बदलते ना?

नाही. २१ चा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला, आणि त्यांनी पण "कमीत कमी" म्हटलं होतं, लोकांनी तेवढा शब्द गाळला. लंडनच्या यूसीएलमध्ये फिलिपा लॅली यांनी २०१० मध्ये साध्या सवयी अंगवळणी पडायला किती वेळ लागतो ते बघितलं तर अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला निघाला, मधला आकडा ६६. आणि त्या पाणी पिणं, चालायला जाणं असल्या सवयी होत्या, पंचवीस वर्षं मुरलेली समजूत नव्हे. एक दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही त्यात दिसलं, ते लक्षात ठेवा.

घरचेच म्हणतात "तुला नाही जमायचं". मग?

त्यांना पटवत बसू नका, त्यात सगळी ताकद जाईल. करायचं ते न सांगता सुरू करा, आणि तुमच्यासारख्याच परिस्थितीतून ते केलेला एखादा माणूस शोधा, फार पुढे गेलेला नको, दोन पावलं पुढचा.

हे सगळं करूनही काही होत नसेल तर?

झोप-भूक बिघडलीय, दोन-दोन आठवडे कशातच मन लागत नाही, लहानपणी झालेला छळ किंवा मारहाण परत परत आठवते, किंवा जगून काय करायचं असे विचार येतात, तर हा सेल्फ टॉकचा विषय राहिलेला नाही. डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आणि शेवटचं लक्षण असेल तर आजच जा, कुणाला तरी बरोबर घेऊन. तिथेही बऱ्याचदा अशा पद्धती वापरतात, फक्त बरोबर शिकलेला माणूस असतो.

सहा महिने बरं चाललं आणि एका दिवसात येरे माझ्या मागल्या. म्हणजे सगळं वाया गेलं का?

जुनं वाक्य पुसलं जात नाही, त्याच्या शेजारी नवं उभं राहतं, आणि थकवा, आजारपण, अपमान असं काही झालं की जुनंच आधी बोलतं. त्या दिवशी मोठे निष्कर्ष काढायचे नाहीत. झोपा, दुसऱ्या दिवशी मोबाइलमधली ती जुनी नोंद उघडा, काय होईल वाटलं होतं आणि काय झालं, आणि त्यातली सगळ्यात सोपी पायरी परत एकदा करा.